सेक्रेटरींच्या फोनमधून सोसायटीच्या शीटमध्ये: ८४ फ्लॅटच्या संपर्कयादीचं प्रकरण

पुण्यातली एक सहकारी गृहनिर्माण संस्था. तीन विंग, प्रत्येकी सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे एकूण ८४. बरीच वर्षं काम पाहणारे सेक्रेटरी पायउतार होताहेत, नवी कमिटी बसतेय आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे. दप्तर हस्तांतर झालं: इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, पावतीपुस्तकं, चेकबुक. सभासदांचे फोन नंबर मात्र दप्तरात नाहीतच. ते जुन्या सेक्रेटरींच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहेत. नव्या सेक्रेटरींकडे आयफोन आहे आणि कमिटीला हवी आहे एक शीट (संगणकावरचा ओळी-रकान्यांचा तक्ता), जी पुढच्या कमिटीच्याही हाती देता येईल.

हे प्रकरण नमुन्याचं आहे. आकडे एका मध्यम सोसायटीला साजेसे धरले आहेत. अडचणी मात्र अशा प्रत्येक कामात हमखास येतात. सोसायटीच्या जागी वाचनालय, भजनी मंडळ, दवाखाना किंवा छोटं दुकान धरलं तरी काम जवळपास हेच.

पहिली गोष्ट अशी की संपर्क शीटमध्ये उतरवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. उतरलेली यादी खरी आणि पूर्ण आहे याची खात्री करणं, हे दोन दिवसांचं. बहुतेक ठिकाणी पहिलं होतं आणि दुसरं राहून जातं.

फोनमध्ये संपर्क नेमके कुठे असतात

फोनच्या पडद्यावर एकच यादी दिसते, पण ती तीन जागांहून गोळा झालेली असते: गूगल खातं, फोनची स्वतःची मेमरी आणि सिम कार्ड. या फोनमध्ये एकूण ९६२ संपर्क होते. पैकी ६०४ गूगल खात्यात, ३११ फोनच्या मेमरीत आणि ४७ सिमवर. संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून तिथून एक्स्पोर्ट केलं असतं तर ३५८ संपर्क गुपचूप बाहेर राहिले असते, आणि यादी 'व्यवस्थित आली' असंच सगळ्यांना वाटलं असतं. म्हणून आधी मोजणी. फोनमधलं कॉन्टॅक्ट्स अ‍ॅप उघडून वरच्या खात्याच्या निवडीत प्रत्येक जागेची यादी वेगवेगळी पाहायची आणि तीन आकडे कागदावर लिहून ठेवायचे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे आकडे लागतात.

मग सगळं एका जागी आणायचं. सिमवरचे संपर्क आणण्यासाठी अ‍ॅपमधल्या 'ऑर्गनाइझ' भागात (जुन्या आवृत्तीत त्याचं नाव 'फिक्स अँड मॅनेज') 'इम्पोर्ट फ्रॉम सिम' आहे. कुठल्या खात्यात टाकायचे ते विचारलं की गूगल खातं निवडायचं. सिमवर नावाला जागा फार थोडी असते आणि देवनागरीत लिहिलं की ती आणखी घटते. त्यामुळे तिथली नावं अर्धी कापलेली निघतात, 'कुलकर्णी'चं 'कुलकर्' होतं. ती टाकून द्यायची नाहीत, नंबर तर पूर्ण असतो.

फोनच्या मेमरीतल्या संपर्कांसाठी त्याच 'ऑर्गनाइझ' भागात 'एक्स्पोर्ट टू फाइल' आहे. कुठल्या खात्यातले संपर्क हवेत ते विचारलं जातं, तिथे फक्त 'डिव्हाइस' निवडायचं. सॅमसंगसारख्या फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं संपर्क अ‍ॅप असतं. त्यात हीच सोय 'मॅनेज कॉन्टॅक्ट्स'मध्ये सापडते. हाती येते ती व्हीसीएफ फाइल, म्हणजे 'व्हीकार्ड' पद्धतीने लिहिलेली संपर्कांची फाइल. ती संगणकावर न्यायची, गूगल कॉन्टॅक्ट्सच्या संकेतस्थळावर जुन्या सेक्रेटरींच्याच खात्यात 'इम्पोर्ट' करायची. एका वेळी ३,००० संपर्क चालतात, खात्याची एकूण मर्यादा २५,००० आहे. सोसायटीला दोन्ही पुरून उरतात. आयात झालेल्या संपर्कांना तारखेचं एक लेबल आपोआप लागतं. ते लगेच काढू नये, कारण काही बिघडलं तर हाच गठ्ठा नेमका निवडून मागे घेता येतो. शिवाय गूगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये 'अनडू चेंजेस' आहे. ३० दिवसांपर्यंत मागची स्थिती परत आणता येते.

एक मोह इथे टाळायचा. दुहेरी नावं दिसू लागली की गूगल 'मर्ज अँड फिक्स' सुचवतं. आत्ता मर्ज करू नये. दोन विंगमध्ये दोन वेगळे 'सुनील पाटील' राहत असतील तर ते एकाच माणसात विलीन होऊन जातात आणि नंतर वेगळे करताना कुणाचा नंबर कुठला ते कळत नाही. दुहेरी नोंदी शीटमध्ये काढायच्या. तिथे मूळ ओळ डोळ्यासमोर राहते.

व्हीसीएफ थेट शीटमध्ये का उघडत नाही

बरेच जण व्हीसीएफ फाइल थेट एक्सेलमध्ये उघडतात किंवा तिचं नाव बदलून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी तक्त्याची फाइल) करतात. मग समोर येतात हजारो ओळी, आणि मराठी नावांच्या जागी बरोबरच्या (=) चिन्हांनी तोडलेली 'ई०, ए४, ९सी' अशी माळ. फाइल खराब झाली असं वाटून पुन्हा एक्स्पोर्ट करतात, तेच पुन्हा येतं.

फाइल ठीकच असते. व्हीकार्ड हा तक्ता नाहीच. त्यात प्रत्येक माणसाची नोंद उभी असते: सुरुवातीची ओळ, नाव, नंबर, ईमेल, शेवटची ओळ. ज्याला तीन नंबर, त्याच्या नंबरांच्या तीन ओळी. अनेक अँड्रॉइड फोन अजून व्हीकार्डची २.१ ही १९९६ सालची आवृत्ती वापरतात. त्या पद्धतीत इंग्रजीबाहेरची अक्षरं 'कोटेड प्रिंटेबल' नावाच्या सांकेतिक रूपात लिहितात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइटसाठी बरोबरचं चिन्ह अधिक दोन अक्षरं. म्हणजे एका 'ज'साठी नऊ खुणा. या पद्धतीत ओळीला ७६ खुणांची मर्यादा असल्याने सात-आठ चिन्हांनंतर ओळ तुटते, आणि मात्रा, वेलांट्या, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हंच. 'सुलोचना देशपांडे' हे एक नाव तीन ओळींत पसरतं. हाताने हे जुळवत बसण्यात अर्थ नाही.

याच जागी लोक 'व्हीसीएफचं सीएसव्ही करून देणारं' एखादं मोफत संकेतस्थळ शोधतात. हे करू नये, हे अगदी ठासून सांगायला हवं. ८४ घरांची नावं, फ्लॅट नंबर, मोबाइल, काही ठिकाणी 'आई एकट्या असतात' असल्या टिपा, हे सगळं एका अनोळखी सर्व्हरवर जातं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नंबर काढून देणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनचंही तेच. त्यांना आपल्या चालू व्हॉट्सअ‍ॅप सत्रात प्रवेश द्यावा लागतो. गरजही नसते. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये व्हीसीएफ आयात केली की ही सांकेतिक माळ आपोआप उलगडते आणि नावं मूळ मराठीत दिसतात. रूपांतराचं काम तिथेच फुकटात झालेलं असतं.

फोन आयफोन असता तर हा त्रास कमी. आयओएस १६ पासून कॉन्टॅक्ट्समध्ये 'लिस्ट्स' पानावर यादीवर बोट दाबून धरलं की 'एक्स्पोर्ट' येतं. त्याची फाइल व्हीकार्ड ३.० ची, मराठी सरळ वाचता येणारी. तीही गूगल कॉन्टॅक्ट्समधूनच तक्त्यात आणायची.

कुणाचे संपर्क न्यायचे

९६२ पैकी सोसायटीचे किती? सेक्रेटरींचे व्याही, त्यांचे डॉक्टर, जुन्या ऑफिसातले सहकारी यांचे नंबर कमिटीच्या शीटमध्ये जाण्याचं काही कारण नाही. म्हणून निवड जुन्या सेक्रेटरींनी स्वतः, स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या खात्यातच करायची. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'सभासद', 'सेवा' आणि 'शंका' अशी तीन लेबलं तयार केली. शोधपट्टीत विंगचं अक्षर, 'फ्लॅट', 'सोसा', 'काकू' असं काय काय टाकून नावं टिकमार्क केली. लिफ्टची देखभाल करणारे, पाण्याचा टँकर, प्लंबर, वॉचमन एजन्सी 'सेवा'त. या सगळ्याला दीडेक तास लागतो आणि तो वाचवू नये. शेवटी 'सभासद' लेबलखाली २३८ संपर्क आले.

मग डावीकडे 'सभासद' लेबल निवडून 'एक्स्पोर्ट', त्यात तीन पर्यायांपैकी 'गूगल सीएसव्ही'. आउटलुक सीएसव्हीचा पर्याय मोहक दिसतो, पण मराठी मजकुरासाठी आणि पुढे परत आयात करण्यासाठी गूगलचाच बरा.

फाइल कमिटीला देण्याआधी आणखी एक चाळणी. गूगल सीएसव्हीत 'नोट्स', जन्मतारीख, नातेसंबंध, पत्ता असे रकाने असतात. नोट्समध्ये लोक काहीही लिहितात: एटीएमचा पिन, लॉकरचा क्रमांक, उसने दिलेले पैसे. नाव, फोन, ईमेल आणि लेबल एवढे रकाने ठेवून बाकीचे सेक्रेटरींनीच काढून टाकले. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी शेजाऱ्याची माहिती गरजेपुरतीच घ्यायची, ही साधी माणुसकी आहे. आणि ही फाइल शीटमध्येच चाळायची, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून नाही. का, ते पुढे.

उघडताना होणारं नुकसान

सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल ती स्वतःच्या समजुतीप्रमाणे उघडतं, आणि इथेच सर्वांत जास्त माहिती मरते. चार वेगवेगळे अपघात आहेत.

एक, मराठी नावांचा चिखल. फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कळलं नाही तर ते विंडोजच्या जुन्या संकेतात वाचतं आणि प्रत्येक अक्षराच्या जागी तीन विचित्र युरोपीय चिन्हं दिसतात. हे नुसतं दिसण्याचं बिघाड आहे, फाइल न साठवता बंद केली तर काही गेलेलं नाही. याच्या उलट, नीट दिसणारी मराठी शीट एक्सेलमधून नुसत्या 'सीएसव्ही' प्रकारात साठवली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात, आणि ती परत येत नाहीत. साठवायचंच तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा प्रकार निवडायचा.

दोन, लांब आकडे. अधिक चिन्ह, ९१ आणि दहा अंक, मध्ये जागा न सोडता लिहिलेले असतील तर एक्सेल त्याची संख्या करतं. अधिक चिन्ह उडतं, आणि बारा अंकी संख्या '९.१९८ई+११' अशी दिसू लागते. पेशीत, म्हणजे तक्त्याच्या त्या चौकोनात, पूर्ण आकडा अजून असतो. पण त्याच अवस्थेत सीएसव्ही म्हणून साठवली तर जे दिसतंय तेच लिहिलं जातं आणि उरलेले अंक कायमचे जातात. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरांचा शून्य तर उघडतानाच गळतो.

तीन, आडव्या रेघा. अधिक ९१, रेघ, पाच अंक, रेघ, पाच अंक असा नंबर सूत्र समजून एक्सेल वजाबाकी करतं आणि पेशीत एक उणे संख्या येते. गूगल शीटमध्ये, जागा सोडून लिहिलेला अधिक-चिन्हाचा नंबर हाताने टाकला की 'एरर' असा लाल कोपरा येतो, त्याचंही मूळ हेच.

चार, फ्लॅट नंबर. कुणी '३-४' असं लिहिलेलं असेल तर त्याची ३ एप्रिल होते.

चारही अपघातांवर उपाय एकच: उघडायची नाही, आयात करायची, आणि प्रत्येक रकाना मजकूर म्हणून. या प्रकरणात गूगल शीट वापरलं. कोरी शीट उघडून 'फाइल', 'इम्पोर्ट', 'अपलोड'. पुढच्या चौकटीत 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स, डेट्स अँड फॉर्म्युलाज' यापुढची खूण काढून टाकायची. या एका खुणेवर सगळं अवलंबून आहे. एक्सेलच हवं असेल तर 'डेटा', 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइलचा संकेत '६५००१ युनिकोड यूटीएफ-८', आणि 'ट्रान्सफॉर्म'मध्ये जाऊन फोनच्या रकान्यांचा प्रकार 'टेक्स्ट'. लिबरऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि सीएसव्ही उघडताना दर वेळी स्वतःहून ही चौकट दाखवतं. इंटरनेटशिवाय काम करायचं असेल तर तोच सर्वांत सुरक्षित मार्ग.

आयात झाल्यावर पहिलं पान कधीच बदलायचं नाही. त्याचं नाव 'मूळ' ठेवलं, संपादन बंद केलं, आणि सगळी सफाई दुसऱ्या पानावर केली.

नंबरांची सफाई

खाली सूत्रांची नावं देवनागरीत लिहिली आहेत; शीटमध्ये ती इंग्रजीतच टंकायची.

आधी एका पेशीतले अनेक नंबर सुटे करायचे. एकाच माणसाचे दोन्ही नंबर 'मोबाइल' प्रकारात साठवले असतील तर गूगल सीएसव्ही ते एकाच पेशीत टाकतं, मध्ये तीन अपूर्णविराम ठेवून. हे लक्षात न घेता 'शेवटचे दहा अंक घ्या' असं सूत्र लावलं की पहिला नंबर हरवतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सुटे करणारं 'स्प्लिट' सूत्र आकड्यासारखं दिसणाऱ्या मजकुराची पुन्हा संख्या करून टाकतं आणि अधिक चिन्ह जातं. म्हणून त्याआधी एक युक्ती: फक्त फोनचे रकाने निवडून शोध-बदल मध्ये अधिक चिन्हाच्या जागी 'प' अक्षर घातलं. आता 'प९१…' हा निर्विवाद मजकूर झाला, सूत्र म्हणूनही वाचला जात नाही. मग 'स्प्लिट'. त्याचा तिसरा घटक 'फॉल्स' द्यायला विसरू नये, नाहीतर ते प्रत्येक खुणेवर वेगळं तोडतं. २३८ संपर्कांतून ३०१ नंबर निघाले.

पुढे 'रेजएक्सरिप्लेस' या, ठरावीक नमुन्याचा मजकूर बदलणाऱ्या सूत्राने 'प' आणि शून्य ते नऊ सोडून बाकी सगळं काढून टाकलं: जागा, रेघा, कंस. शिवाय न दिसणाऱ्या खुणाही. संदेशातून कॉपी केलेल्या नंबरांभोवती मजकुराची दिशा सांगणाऱ्या अदृश्य खुणा चिकटून येतात. नंबर डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो, पण जुळवणीत जुळत नाही. 'ट्रिम' सूत्र नेहमीच्या जागा काढतं, या खुणा नाही. म्हणून 'काय काढायचं' याची यादी न करता 'काय ठेवायचं' तेवढंच सांगणं चांगलं. एक सावधगिरी: असं सूत्र देवनागरी अंकही काढून टाकतं. कुणी नंबर मराठी अंकांत लिहिलेला असेल तर आधी दहा अंकांचा शोध-बदल करून घ्यायचा.

मग वर्गवारी. इथे सर्वांत महागडी चूक होते. 'उजवीकडचे दहा अंक घ्या, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होत असेल तर भारतीय मोबाइल' हा नियम सगळीकडे सांगितला जातो. पुण्याच्या सोसायटीत तो चालत नाही, कारण अनेक फ्लॅटचे मालक किंवा त्यांची मुलं बाहेर आहेत. अमेरिकेचा नंबरही देशसंकेत १ सोडला की दहाच अंकांचा. न्यू जर्सीतले ७३२ किंवा ९०८, कॅलिफोर्नियातला ६५० हे क्षेत्रसंकेत ७, ९ आणि ६ ने सुरू होतात. शेवटचे दहा अंक घेतले की न्यू जर्सीतला मालक भारतीय मोबाइलच्या रांगेत जाऊन बसतो, आणि सभेची सूचना पुण्या-मुंबईतल्या कुणा तिऱ्हाइताला जाते. दुबईचा नंबर मात्र वेगळ्या तऱ्हेने बिघडतो: ९७१ नंतर नऊच अंक, म्हणून दहा घेतले की देशसंकेताचा शेवटचा १ नंबरात मिसळतो.

म्हणून क्रम असा ठेवला. 'प' ने किंवा दोन शून्यांनी सुरू होणारा आणि त्यापुढे ९१ नसलेला नंबर परदेशी. त्याला हातच लावायचा नाही, देशसंकेत वेगळ्या रकान्यात हाताने लिहायचा. असे ११ निघाले. उरलेल्यांचे उजवीकडचे दहा अंक 'राइट' सूत्राने. त्यात ६ ते ९ ने सुरू होणारे मोबाइल. २० ने सुरू होणारे पुण्याचे, २२ ने सुरू होणारे मुंबईचे लँडलाइन, कारण तिथे संकेतातलं शून्य सोडलं की संकेत आणि आठ आकडी नंबर मिळून दहाच अंक होतात. मूळचे दहापेक्षा कमी अंक असलेले 'शंका'त: बहुतेक वेळा संकेताशिवाय लिहिलेला आठ आकडी लँडलाइन, कधी इंटरकॉमचा तीन आकडी क्रमांक. देशसंकेताशिवाय साठवलेला परदेशी नंबर मात्र कुठलंही सूत्र पकडू शकत नाही. तो माणसानेच पकडायचा.

अंतिम शीटमध्ये देशसंकेत एका रकान्यात, नंबर दुसऱ्यात. अधिक चिन्ह कुठेच नाही, त्यामुळे पुढे कुणी ती एक्सेलमध्ये उघडली तरी नुकसान कमी. एकाच फ्लॅटखाली तोच नंबर पुन्हा आलेल्या ओळी 'काउंटइफ्स'ने शोधून काढल्यावर ३०१ चे २०६ राहिले. नवरा-बायकोच्या नावावर एकच नंबर असलेल्या ओळी पुसल्या नाहीत. दुसरं नाव शेऱ्यात नेलं.

यादीचा पाया फ्लॅट, फोन नाही

या सगळ्या कामात एक निर्णय बाकीच्यांपेक्षा मोठा आहे. शीट संपर्कांवरून बांधायची की फ्लॅटवरून? संपर्कांवरून बांधली तर फोनमध्ये जे आहे तेवढंच शीटमध्ये दिसतं. जे नाही ते दिसतच नाही, आणि कमिटीला नेमकं तेच कळायला हवं असतं. म्हणून नव्या पानावर आधी ८४ ओळी लिहिल्या: विंग, फ्लॅट, सभासद नोंदवहीतलं सभासदाचं नाव. नोंदवही म्हणजे सहकारी संस्थांच्या नियमांतला 'आय' नमुना, आणि सोसायटीत सभासद कोण हे ठरवण्याचा अधिकार तिचा, सेक्रेटरींच्या फोनचा नाही. मग नंबर या ओळींसमोर आणले.

जुळवणी नावावर करायची नाही. फोनमध्ये 'कुलकर्णी काका', इंग्रजीत तीन स्पेलिंगांनी कुलकर्णी, 'बी २०४ मालक', 'सौ. कुलकर्णी' असं सगळं असतं. मराठीतही सारखं दिसणारं नाव आतून वेगळं निघतं. कऱ्हाडे किंवा गोऱ्हे यातला अर्धा र एका कीबोर्डवर स्वतंत्र अक्षराने उमटतो, दुसऱ्यावर साध्या र ला अदृश्य जोडखूण लावून. पडद्यावर फरक शून्य, शोधात मात्र सापडत नाही.

फ्लॅट नंबरवर जुळवायचं. बहुतेक संपर्कांच्या नावातच तो असतो, फक्त दहा तऱ्हांनी लिहिलेला. 'रेजएक्सएक्स्ट्रॅक्ट'ने विंग आणि तीन अंक वेगळे काढले. मराठीत विंग शोधताना अक्षरं चौकटी कंसात लिहू नयेत: 'बी' म्हणजे युनिकोडच्या (संगणकातल्या जागतिक अक्षरसंचाच्या) हिशेबात 'ब' आणि वेलांटी अशी दोन चिन्हं, आणि चौकटी कंस त्यांना सुटं समजतो. साध्या गोल कंसात, मध्ये उभी रेघ देऊन, 'ए किंवा बी किंवा सी' असं लिहिलं की बरोबर चालतं. अंक देवनागरी असतील तर तेही आधी बदलून घ्यायचे. २३८ पैकी १७१ संपर्कांचा फ्लॅट असा आपोआप निघाला. उरलेले ६७ जुन्या सेक्रेटरींना शेजारी बसवून हाताने भरले. 'वरच्या वैनी' म्हणजे कुठल्या फ्लॅटच्या, हे तेच सांगू शकतात. म्हणून हे काम ते गावी जाण्याआधी उरकायचं.

८४ ओळींसमोर नंबर आणताना 'व्हीलूकअप' वापरू नये. ते पहिला सापडलेला नंबर देऊन थांबतं आणि दुसरा, बहुधा आणीबाणीत लागणारा, मागे राहतो. 'फिल्टर'ने त्या फ्लॅटचे सगळे नंबर काढून 'ट्रान्स्पोज'ने आडवे मांडले. प्रत्येक नंबरापाशी भूमिका लिहिली: मालक, सहमालक, भाडेकरू, मुलगा-मुलगी. भाडेकरूच्या नंबरवर मालकाची नोटीस जाऊ नये, यासाठी हा रकाना अत्यावश्यक आहे.

आणि सहा ओळी रिकाम्या दिसल्या. दोन फ्लॅट कुलूपबंद, चार अलीकडे विकले गेलेले. फोनमध्ये जुन्या मालकांचेच नंबर 'माजी' म्हणून पडून. पाया फ्लॅटचा नसता तर या सहा घरांना सभेची नोटीस गेली नसती.

पुढे प्रत्यक्ष तपासणी. विंगवार छापील यादी घेऊन तिघांनी फोन केले. प्रश्न तीनच: नंबर चालू आहे का, आपण मालक की भाडेकरू, आणीबाणीसाठी दुसरा नंबर द्याल का. शीटमध्ये 'तपासल्याची तारीख' हा रकाना ठेवला आणि तारीख नसलेला नंबर कच्चा मानला. हे वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे: आपल्याकडे बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. चार वर्षांपूर्वीचा नंबर वाजला, म्हणजे तो त्याच माणसाकडे वाजला असं नाही.

नव्या फोनमध्ये परत

सोसायटीच्या नावाने एक वेगळं गूगल खातं उघडलं. त्याचा पासवर्ड सेक्रेटरी आणि अध्यक्ष या दोघांकडे, आणि खाते-पुनर्प्राप्तीचा नंबर कार्यालयाचा. शीट या खात्यात राहते. 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय बंद. संपादनाचा हक्क दोघांना, पाहण्याचा कमिटीला.

आयातीसाठी तिसरं पान केलं. त्यात रकान्यांची शीर्षकं गूगल सीएसव्हीत आली होती तशीच, इंग्रजीतच ठेवली. ती मराठीत बदलली की आयात करताना रकाने ओळखले जात नाहीत. नावाच्या रकान्यात 'बी-२०४ कुलकर्णी' असं फ्लॅट आधी, म्हणजे फोनमध्ये यादी विंगप्रमाणे लागते. फोनच्या रकान्यात अधिक चिन्ह, देशसंकेत आणि नंबर सूत्राने जोडले. मग गूगल शीटमधूनच 'डाउनलोड', 'सीएसव्ही'. ती फाइल मध्ये एक्सेलमध्ये न उघडता थेट नव्या खात्यात आयात केली. नव्या सेक्रेटरींनी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॉन्टॅक्ट्सच्या खात्यांत हे गूगल खातं जोडून 'कॉन्टॅक्ट्स' सुरू केलं. केबल नाही, फाइलही फोनवर पाठवावी लागत नाही. पुढे पायउतार होताना खातं फोनमधून काढलं की सभासदांचे नंबर त्यांच्याकडून आपसूक जातात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, म्हणजे ८४ घरांना ती पुरते. पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. त्यामुळे नव्या सेक्रेटरींचा नंबर सूचनाफलकावर आणि पुढच्या मेंटेनन्स बिलावर छापला, आणि सभेची नोटीस नेहमीप्रमाणे कागदावरही वाटली.

जुन्या सेक्रेटरींच्या फोनमधून काहीही लगेच पुसलं नाही. सभा होऊन गेली, रिकाम्या सहा घरांपैकी चार नव्या मालकांचे नंबर बिलासोबतच्या फॉर्मवर आले, कुलूपबंद दोघांना नोंदवहीतल्या पत्त्यावर पत्र गेलं. त्यानंतर 'सभासद' लेबलचे संपर्क त्यांनी स्वतःच्या खात्यातून काढले, आणि संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहिलेल्या व्हीसीएफ आणि सीएसव्ही फाइलीही.